दोन रुपयांची खिडकी

भाडे दोन रुपयांनी वाढवावे की तीन, या प्रश्नावर मी एकोणीसशे पंचावन्न सालचा अख्खा कार्तिक महिना घालवला. तेवढ्या वेळात सरकारने एक पंचवार्षिक योजना उरकून दुसरी आखायला घेतली. पण सरकारला योजना कळवायला भाडेकरूंच्या दारात जावे लागत नाही. मला जावे लागणार होते, आणि दोन्ही भाडेकरूंची दारे माझ्या पडवीपासून अकरा पावलांवर, अंगणाच्या पलीकडे होती. अकरा पावलांत माणसाला निर्दय होता येत नाही. त्याला निदान अर्धा कोस चालावे लागते.

मी चांदा जिल्ह्यातल्या मूल गावच्या तहसिलीतून दफ्तरदार म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षे लोकांचे कागद लावले, शोधले आणि क्वचित प्रसंगी सापडू दिले. गावात मला 'बाबूजी' म्हणतात. घराच्या समोरच्या अंगाला दोन खोल्या आहेत. एकीत डोमा आणि त्याची बायको गोकुळा राहत. डोमा तलावातल्या मासोळ्या धरी, गोकुळा त्या बाजारात विकी, आणि दोन कोसांवरच्या त्यांच्या गावी धानाचे दोन एकर होते. दुसरीत इस्तारी राही. तो धानाच्या गिरणीवर कामाला, एकटाच. दोघांचेही भाडे सत्तेचाळीस सालापासून सहा रुपये. स्वातंत्र्य आले, संविधान आले, निवडणूक झाली. आमचे भाडे सहाच.

ते तसेच राहिलेही असते. पण शेजारच्या मनसारामने आपल्या भाडेकरूचे सहाचे नऊ केले. मनसाराम त्याच गिरणीत मुनीम. रोज सकाळी तोंडात कडुनिंबाची काडी धरून तो कुंपणाशी उभा राही आणि रामरामाऐवजी विचारी, "किती केलं, बाबूजी?" मी विचार चालू आहे असे सांगितले की तो काडी तोंडातून काढून माझ्याकडे, लिलावात न खपलेल्या बैलाकडे पाहावे तसे पाही. त्याचा सल्ला असा की सहाचे बारा मागावेत म्हणजे नऊवर तुटते. माझ्या मते दोन म्हणजे भीड झाली आणि तीन म्हणजे लोभ. अडीच मी एकदा बोलून पाहिले, तेव्हा तो दिवसभर गिरणीत ते सांगत सुटला.

माझी पत्नी अन्नपूर्णा हिचे मत विचारले तर ती म्हणाली, वाढवायचे तर वाढवा, पण गोकुळा माझी जिवाची बाई आहे, सांगाल तेव्हा मी घरात नसेन. शिवाय कार्तिक संपेपर्यंत तरी हा विषय संपवा, असेही म्हणाली. कारण मी पडवीत येरझाऱ्या घालू लागलो की तिचे तांदूळ निवडताना खडे राहत.

शेवटी एके दिवशी मी अकरा पावले चालून गेलो आणि डोमापाशी तलावाच्या पाण्याची चौकशी करून परत आलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जाळ्याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी विषय न सुचल्याने त्याच्या सासऱ्याच्या दम्याची केली. सासरा आषाढातच वारला होता आणि त्याच्या तेरवीला मी पोटभर जेवलो होतो. दर वेळी परत निघताना गोकुळा पळसाच्या पानात बांधलेले झिंगे, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी, हातात ठेवी. हातात झिंगे असताना भाडेवाढ बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मनसाराम बोलला असता. पण त्याला झिंगे कोण देणार?

चौथ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आधी डोमाच म्हणाला, "बाबूजी, चार दिवस झाले, तुमी येऊन राह्यले अन् जाऊन राह्यले. भाडं वाढवाचं हाय काय?"

मी म्हणालो, तसे काही नाही, म्हणजे तसेच आहे, पण घाई नाही.

"वाढवा नं जी. महागाई तुमाले बी हाय. पर खोलीत अंधार किती हाय ते पाहा. गोकुळा भरदिवसा चिमणी लावून मासोळ्या साफ करते. एक खिडकी काढून द्या, दोन रुपये जास्त घ्या."

ज्या प्रश्नाने माझा महिना खाल्ला, तो या माणसाने जाळ्याची गाठ सोडवता सोडवता सोडवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण महिनाभर लढाईची तयारी करावी आणि शत्रूने वेशीवर येऊन किल्ल्या द्याव्यात, यात सेनापतीचा अपमानच असतो. त्या अपमानाच्या भरात मी तसाच इस्तारीकडे गेलो. तो खाटेवर पाय पसरून बसला होता. म्हणाला, "मले खिडकी कायले पायजे? दिवसा मी मिलमंदी असतो, राती डोये मिटून असतो. माहे सहाच राहू द्या."

मी त्याच्या गिरणीच्या कामाची चौकशी करून परत आलो. 

साधा माणूस असता तर त्याने भिंतीला भोक पाडले असते आणि दोन रुपये घेतले असते. मी दफ्तरदार. भाडे वाढवायला परवानगी लागते, हे मला ठाऊक होते. परवानगी कशी लागते, हे विचारायला मी छोट्या रुळांवरच्या गाडीने चांद्याला गेलो. ती गाडी त्या काळी इतक्या सावकाश जाई की उतारू मध्येच उतरून टेंभुर्णी वेचून परत चढत, अशी आख्यायिका होती. मी गेलो तो हिवाळा होता, म्हणून टेंभुर्णीचा अनुभव नाही. तिथल्या दफ्तरातला तरुण कारकून माझ्याकडे न पाहता बोलला. एकतीस वर्षे मीही लोकांशी तसाच बोलत आलो होतो, त्यामुळे त्याचे काम मी जाणकाराच्या नजरेने पाहिले, चांगले होते. त्याने सांगितले की घरात सुधारणा केली असेल तरच भाडे वाढते. आधी सुधारणा, मग लाकडाची पावती, मग अर्ज. अर्ज आधी केला तर सुधारणा नाही म्हणून नामंजूर, आणि पावती नसली तर सुधारणा झालीच नाही असे समजून नामंजूर. मी धन्यवाद म्हणालो, तेव्हा मात्र त्याने वर पाहिले. त्या टेबलाशी तो शब्द बहुधा प्रथमच उच्चारला गेला असावा.

आता लाकूड. चांदा जिल्ह्यात लाकूड मिळत नाही, हे बाहेरच्या माणसाला खोटे वाटेल. मूलच्या चहूबाजूंना जंगल आहे. रस्त्याने लाकडाच्या गाड्या अशा जातात की वाटावे, जंगल बदलीवर निघाले आहे. पण डेपोत लाकूड लिलावाने विकतात, आणि सर्वांत लहान ढीग घेतला तरी त्यात खिडकी नव्हे, सभामंडप होतो. मी एका खिडकीपुरते मागितले, तेव्हा डेपोच्या माणसाने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिले. प्रकृती बरी नसलेल्या माणसाला देतात तसे.

चैतू सुताराने मार्ग काढला. "डोमाभाऊच्या निस्तारावर काढा नं, बाबूजी."

निस्तार म्हणजे जंगलालगतच्या गावकऱ्याला घरच्या आणि शेतीच्या गरजेपुरते सवलतीत मिळणारे लाकूड. नांगराला, गाडीला, चुलीला, छपराला. मी पेन्शनर, मला तो हक्क नाही. डोमाला आपल्या गावच्या शेतीमुळे होता. सागवान त्यात देत नाहीत, पण बीजा या झाडाचे लाकूड मिळते आणि ते सागाच्या तोंडात मारील असे चैतूचे म्हणणे. डोमा दोन दिवसांत परवाना घेऊन आला, पैसे मी दिले, आणि आठवड्याभरात जंगल खात्याचा शिक्क्याचा हातोडा मारलेले दोन ओंडके बैलबंडीवरून अंगणात उतरले. परवान्यावर चार ओळी छापलेल्या होत्या. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांना सांगत आलो की सही करण्याआधी वाचा. या कागदावर माझी सही नव्हती, म्हणून मी तो वाचला नाही.

चैतूने भिंतीला भोक पाडले. भिंत मातीची, तिला इतकी वर्षे कोणी हात लावला नव्हता. तिने मागितल्यापेक्षा जास्त दिले. दोन हात रुंद खिडकीसाठी साडेतीन हात भोक पडले आणि वरची कवेलूंची, म्हणजे कौलांची, एक ओळ आशीर्वादासारखी चैतूच्या डोक्यावर आली. त्याने डोके चोळत ते भोक पाहिले आणि म्हणाला, उजेड चांगला येऊन राह्यला. मग तो मंडईला निघून गेला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, नाचगाण्याची दंडार होते, एका गावची संपली की पुढच्या गावची. चैतू दंडारीत बाईचे सोंग घेई. तो परत आला तो बारा दिवसांनी, मिशा काढून. तोवर भोकातून वांदरे ये-जा करू लागली होती. त्यांतला एक हुप्प्या दुपारी भोकात बैठक मारून बसे. मागे अंधार, पुढे ऊन, जणू एखाद्या दिवंगत अध्यक्षांची तसबीर. त्याने गोकुळेचे वाळवलेले झिंगे विस्कटले, डोमाची टोपी नेली, आणि माझ्या पडवीतून भाडेवाढीच्या अर्जाचा कच्चा मसुदा नेऊन चिंचेवर बसून तो पान पान चावून पाहिला. पुढे जे घडले ते पाहता, त्या प्रकरणात शहाणपणाने वागलेला तो एकटाच.

अखेर खिडकी बसली. बीजाची चौकट, दोन फळ्या, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का दर्शनी. शिक्का तासायला चैतूला जिवावर आले. सरकारी नक्षी आहे, शोभा देते, म्हणाला. खिडकी बसल्यावर लक्षात आले की ती अंगणाकडे, म्हणजे थेट माझ्या पडवीकडे उघडते. डोमाच्या खोलीत उजेड गेला आणि माझ्या पडवीतला एकांत गेला. दुपारी मी तोंड उघडे टाकून झोपतो, हे त्याआधी फक्त अन्नपूर्णेला माहीत होते. चष्मा शोधत मी उशी उलटी करू लागलो की खिडकीतून गोकुळेचा आवाज येई, "बाबूजी, कपायावर हाय." अन्नपूर्णेची मात्र चैन झाली. पूर्वी दोघी अंगणाच्या मध्ये भेटत. आता एक खिडकीच्या आत, एक बाहेर, अशा तासन् तास.

मी लाकडाची पावती काढली, अर्ज नव्याने लिहिला, आणि उद्या चांद्याची गाडी धरायची म्हणून धोतर इस्त्रीला देणार, तेवढ्यात बुधू नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. निस्ताराचे लाकूड जिथे लागायचे तिथेच लागले का, हे पाहायला तो फिरतो. त्याला पाहायला फार कष्ट पडले नाहीत. शिक्का अंगणातून दिसत होता.

त्याने चौकट मोजली, परवान्याशी ताडून पाहिली, समाधानाने मान हलवली. मग खांबाला टेकून सहज विचारले, "हे घर कोनाचं हाय जी?"

मी अभिमानाने 'माझे' म्हणायला तोंड उघडले, आणि डोमाचा चेहरा पाहून मिटले. डोमाने परवाना माझ्या हाती दिला. छापील चार ओळींतली तिसरी अशी होती की सदर लाकूड परवानेदाराने फक्त स्वतःच्या घराकरिता वापरावे. अन्यथा दंड होईल व निस्तार बंद करण्यात येईल.

बुधू वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे समजावले. घर बाबूजीचे असेल तर डोमाने निस्ताराचे लाकूड दुसऱ्याला दिले असे होते. डोमाचा निस्तार बंद. म्हणजे नांगराचे लाकूड बंद, चुलीचे बंद, गावच्या घराच्या छपराचे बंद. तो हे बोलत असता खिडकीत उभ्या असलेल्या गोकुळेने एक फळी हळूच लोटून घेतली. महिनाभर जी खिडकी मी दोन रुपये म्हणून पाहत होतो, तिची किंमत मला तेव्हा कळली.

"खोली डोमाची आहे," मी म्हणालो.

"मंग लिहून द्या."

इथपर्यंत मी माणुसकीने वागलो. यापुढे माझ्यातला दफ्तरदार जागा झाला आणि सगळा घोटाळा त्याने केला. बुधूला दोन ओळी पुरल्या असत्या. मी ताव काढला, समास पाडला आणि लिहिले की, सदरहू खोली डोमा वल्द झिंगू यांची असून तिजवर माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही, व मी तिजबद्दल कोणतेही भाडे घेत नाही. अक्षर असे आले की निवृत्तीनंतर तसे आले नव्हते. बुधू कागद घडी करू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. नक्कल नाही तो कागद नव्हे, असे त्याला शिकवले. एक प्रत रेंजरसाहेबांना, एक डोमाला, एक माझ्याकडे. आणि हात चालताच होता, म्हणून खाली लिहिले, 'प्रत माहितीस्तव : तहसील कार्यालय, मूल.' ती प्रत मी स्वतः चालत जाऊन दिली. पोच घेतली.

घरी येऊन पडवीत बसलो तेव्हा कळले की मी काय केले आहे. दोन रुपये वाढवायला निघालेल्या माणसाने सहा रुपये आणि खोली, दोन्ही देऊन टाकली होती. तीही चार प्रतींत.

पुढचे पंधरा दिवस मला एका जागी बसवले नाही. डोमाने आपली प्रत बांबूच्या पोंग्यात, म्हणजे पोकळ नळीत, घातली आणि पोंगा आढ्याला टांगला. गळ आणि दोरा तो अशाच पोंग्यांत ठेवी. खिडकी उघडी असली की माझ्या पडवीतून तो पोंगा सरळ दिसे. वारा आला की हले. मी खाट उलट्या दिशेला फिरवली, तर पाठीवर हलू लागला. मनसारामला सगळे कळलेच होते. गिरणीत इस्तारीने सांगितले असावे. त्याने कुंपणापाशी उभे राहून डोमाला माझ्या देखत सल्ला दिला की कागद जपून ठेव, लाखाचा आहे. डोमा म्हणाला, "हो जी." एवढेच. या 'हो जी'चा अर्थ मी किती प्रकारे लावला, ते सांगत नाही.

मग एक तारीख आली. दर एक तारखेला बाजारातून परतताना गोकुळा भाडे आणून देई. त्या दिवशी ती आली, पाय धुतले, आत गेली. दोन तारीख गेली. चार गेली. मागावे कसे? भाडे घेत नाही असे मीच लिहिलेले, आणि माझे अक्षर कोणालाही वाचता येण्यासारखे. मी पडवीत फेऱ्या घालू लागलो की खिडकीतून डोमा विचारी, "बाबूजी, काई दुखून राह्यलं काय?"

सहा तारखेला तो आला. अकरा पावले चालून. एका हातात पोंगा, दुसऱ्या हातात एक छापील चिठ्ठी. चेहरा असा, की मीच उठून त्याला जागा दिली.

चिठ्ठी पंचायतीची होती. तहसिलीने माझी माहितीस्तव प्रत पुढे पंचायतीला माहितीस्तव धाडली होती, आणि पंचायतीने त्या माहितीवरून डोमा वल्द झिंगू, घरमालक, यांना घरपट्टी लावली होती.

"बाबूजी," डोमा म्हणाला, "हे मालकी मले झेपत नाई. पंचायत पट्टी मांगून राह्यली. गिरणीवाले वर्गणी मांगून राह्यले, घरमालक झाला म्हने. उन्हाळ्यात कवेलू फेरनं बी माह्यावरच येनार. आठ वर्षं तुमी फेरले, मले काई मालूम नोयतं. माही एक विनंती हाय. मले भाड्यानंच राहू द्या."

मी ताबडतोब कबूल झालो. ती कृतज्ञता होती की सुटका, हे नीट पाहिले नाही. घरपट्टी मी भरतो म्हणालो. कागद मात्र फाडता येणार नव्हता. बुधू वर्षाला एकदा पाहायला येणार. तेव्हा कागद पोंग्यात राहील, डोमा खोलीत राहील, आणि दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करावे, असे ठरले. मग मी शक्य तितक्या बेफिकीर आवाजात म्हणालो, "आणि भाड्याचं, तुझ्या सवडीनं..."

"भाडं?" डोमा माझ्याकडे पाहत राहिला. "ते तं एक तारखेलेच देल्लं नं जी. गोकुळेनं. खिडकीतून बाईंच्या हाती. आठ रुपये. सहा जुने, दोन उजेडाचे."

मी स्वयंपाकघरात गेलो. अन्नपूर्णा तांदूळ निवडत होती. मी विचारले, की सहा दिवस मी अंगणात घाण्याच्या बैलासारखा फिरतो आहे आणि तू आठ रुपये घेऊन गप्प बसलीस?

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"भाडं घेत नाई म्हून तुमी लिहून देल्लं," ती म्हणाली. "मी कुठी लिहून देल्लं?"

या युक्तिवादात दफ्तरी दृष्टीने काही दोष आहे का, ते मी अजून शोधतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनसाराम काडी घेऊन कुंपणाशी आला. त्याचा नऊ रुपयांचा भाडेकरू त्याच आठवड्यात खोली सोडून ब्रह्मपुरीला गेला होता, तरी त्याने विचारलेच, "मंग, किती केलं बाबूजी?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतके खरे वाक्य बोललो नव्हतो. मी छाती काढून, अंगणभर ऐकू जाईल असे म्हणालो, "मी भाडे घेतच नाही."

मनसारामची काडी खाली पडली. खिडकीत गोकुळा पदर तोंडाला लावून आत वळली. दिवस फार चांगला गेला.

फक्त त्या वेळी इस्तारी गिरणीवर जायला दारात उभा होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. पुढच्या एक तारखेला तो सहा रुपये घेऊन आला नाही. तो खिडकीचे माप घ्यायला चैतू सुताराला घेऊन आला.